कानाच्या रिपोर्टवर मास्किंग केलंय की नाही ते लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कानाची तपासणी वेळेवर करून घ्या असा लेख आला होता, लेख चांगलाच होता, पण त्यात मास्किंगचा (म्हणजे एका कानाची तपासणी चालू असताना दुसऱ्या कानात आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवण्याचा) एक शब्दही नाही आणि माझ्यावर तर त्यावरूनच बेतलं होतं, म्हणून लिहितोय.

लहानपणी गालगुंड झालं त्यात माझा डावा कान गेला. गेला म्हणजे साफ गेला, उजवी कड घेऊन झोपलो की अलार्म वाजून वाजून दमतो पण मला पत्ता नसतो. दोन वर्षांपूर्वी एके ठिकाणी (नाव घेत नाही) ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. साउंडप्रूफ खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज ऐकू आला की दाबा. मी दाबत गेलो. मग हेडफोन काढून डाव्या कानामागच्या हाडावर ते छोटं व्हायब्रेटर लावलं, परत टूं टूं सुरू, आता गंमत अशी की व्हायब्रेटर डावीकडे आणि मला आवाज ऐकू येत होता उजव्या कानात, अगदी स्पष्ट. पण कुठल्या कानात येतोय हे कुणी विचारलंच नाही, ऐकू आला की दाबा एवढंच सांगितलेलं, मी आपला आज्ञाधारकपणे दाबत बसलो.

रिपोर्ट काय आला तर डावा कान हवेतून (हेडफोनने) ६० डेसिबलच्या आसपास आणि हाडातून (व्हायब्रेटरने) १०, म्हणजे जवळजवळ नॉर्मल, कारण आकडा जितका कमी तितकं ऐकणं चांगलं. दोन्हीत ५० डेसिबलची गॅप. अशी गॅप दिसली की अर्थ असा निघतो की आतला कान ठणठणीत आहे आणि अडथळा पडद्यात किंवा मधल्या कानातल्या हाडांमध्ये आहे. त्यामुळे मला सांगण्यात आलं की हाडाची साखळी अडकली असणार, ऑपरेशनने फरक पडेल. घरात सगळे खूश! तीसेक वर्षं बंद असलेला कान उघडणार म्हटल्यावर मी पण खूश, खोटं कशाला बोलू.

नशीब की ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे) गेलो. त्या मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, मास्किंग केलं होतं का? मी म्हटलं ते काय असतं. मग त्यांनी समजावलं ते इतकं साधं आहे की शाळेतल्या पोरालाही कळेल. हेडफोनमधून एका कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून पलीकडच्या कानातही पोचतो. साध्या हेडफोनने कुणाच्या बाबतीत ४० डेसिबलनंतरच पोचतो तर कुणाच्या बाबतीत ६० नंतर, म्हणून धोक्याची रेघ ४० वर धरतात. आणि व्हायब्रेटरचं तर विचारूच नका, तो कुठल्याही बाजूला लावा, अख्खी कवटी हलते आणि दोन्ही आतले कान जवळपास सारखेच ऐकतात, मधे काही आडकाठीच नाही. म्हणजे माझ्या डाव्या कानाची म्हणून जी परीक्षा घेतली तिचा पेपर उजव्या कानाने लिहिला होता. याला शॅडो कर्व्ह म्हणतात, चांगल्या कानाची सावली.

उपाय काय, तर टेस्ट चालू असताना चांगल्या कानात सूं सूं असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. तो आवाजही कुठलाही चालत नाही, टोन (तपासणीचं ते टूं टूं) ज्या फ्रिक्वेन्सीचा त्याच्याच आसपासच्या पट्ट्यातला लागतो. आणि एकदा सोडला की झालं असंही नाही. सूं सूं आवाज १० डेसिबलने वाढवायचा, टोन किती मोठा केला की ऐकू येतो ते परत तपासायचं, टोनचा आकडा पण वर सरकला तर समजायचं अजून दुसराच कान ऐकतोय, आवाज वाढवत गेलं तरी आकडा एका जागी ठाम राहिला की तो खरा आकडा. हूड नावाच्या संशोधकांनी ही पद्धत १९६० च्या सुमारास मांडली, म्हणजे हे काही कालचं नवं फॅड नाहीये.

माझ्या बाबतीत आकडा ठाम राहिलाच नाही. मॅडम आवाज वाढवत गेल्या, टोन पण वाढवत गेल्या, उजव्या कानात नुसतं सूं सूं आणि मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघतोय... शेवटी मशीनची हद्द संपली. डावा कान, प्रतिसाद नाही. ऑपरेशनचा प्रश्नच मिटला, कारण मधल्या कानातली हाडं दुरुस्त करून मेलेला आतला कान थोडाच जिवंत होतो.

आता कुणी म्हणेल मग सगळ्यांनाच मास्किंग करा. तसंही नाही, दोन्ही कान सारखे नॉर्मल असतील तर गरज नसते. आणि जास्त आवाज दिला तर तोच कवटीतून उलटा येऊन ज्या कानाची टेस्ट चाललीय त्याला झाकून टाकतो. दोन्ही कानांत मधल्या कानाचा मोठा दोष असेल तर चांगले चांगले ऑडिओलॉजिस्ट अडतात, द्यावा तेवढा कमी पडतो आणि पुरेसा द्यावा तर जास्त होतो, तिथे कानाच्या आत बसणारे इन्सर्ट इअरफोन वापरले तर बरंच सोपं जातं म्हणे. हे कौशल्याचं काम आहे, वेळखाऊ आहे, हे मान्य. पण बाहेर रांग लागलीय म्हणून ते वगळायचं आणि रिपोर्टवर सही ठोकायची हे मला पटत नाही.

पुढच्या लेखात निदान ऑडिओग्रामच्या (तपासणीच्या आलेखावरच्या) खुणा तरी छापा. हवेतून तपासणीत उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली, हे मास्किंगशिवाय. मास्किंग केलं असेल तर उजव्याला त्रिकोण आणि डाव्याला चौकोन. हाडाच्या तपासणीत मास्किंग असेल तर चौकोनी कंस, नसेल तर टोकदार. दोन कानांत एवढा फरक आणि कागदावर सगळ्या फुल्याच फुल्या दिसल्या तर पेशंटने तिथल्या तिथे विचारावं, लाजू नये.

माझा तो पहिला रिपोर्ट अजून कपाटात आहे. खाली मास्किंग लेव्हल लिहायला छापील रकाना आहे, कोरा.

आपला,
एका कानाचा वाचक