पक्ष बघू नका, राज्य बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले दोन आठवडे तुमच्या पत्रसदरात अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यावरून, म्हणजे वर्णावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावरून, वाचकांची चांगलीच जुंपलीये. एकाचं म्हणणं कायदा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी केला, रिपब्लिकनांना कृष्णवर्णीयांचं कधी पडलेलंच नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं छे हो, विरोध तर डेमोक्रॅट लोकांनीच केला, रिपब्लिकन मतं पडली म्हणून पास झाला आणि हे आता लपवलं जातं. गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बरोबर आहेत, आणि तरी दोघंही दिशाभूल करतायत, म्हणून मधे तोंड घालतोय.

आकडे सरळ मांडतो. १० फेब्रुवारी १९६४ला प्रतिनिधीगृहात विधेयक २९० विरुद्ध १३० नी पास झालं. त्यात डेमोक्रॅट १५२ बाजूने ९६ विरोधात, रिपब्लिकन १३८ बाजूने ३४ विरोधात. म्हणजे टक्केवारी काढली तर रिपब्लिकन पुढे, हे खरंच आहे, आणि व्हॉट्सॲपवर हाच आकडा फिरतो. पण आता पक्ष बाजूला ठेवा आणि यादवी युद्धात फुटून निघालेली दक्षिणेची ११ राज्यं वेगळी काढा. तिथले डेमोक्रॅट ७ बाजूने, ८७ विरोधात. तिथले रिपब्लिकन १०च होते, दहाच्या दहा विरोधात. उत्तरेकडचे डेमोक्रॅट १४५ बाजूने, ९ विरोधात, रिपब्लिकन १३८ बाजूने, २४ विरोधात. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तेच, दक्षिणेच्या २२ जणांपैकी फक्त एकाने, टेक्ससच्या यारबरोने, बाजूने मत दिलं. आता सांगा भांडण पक्षाचं होतं का प्रदेशाचं?

आणि दक्षिणेत डेमोक्रॅट एवढे का, तर यादवी युद्धानंतर लिंकनच्या पक्षाला, म्हणजे रिपब्लिकनांना, तिथले गोरे मत देईनात आणि काळ्यांना मत देऊ दिलं जात नव्हतं. त्यामुळे तिथे एकच पक्ष, एकदा निवडून आलेला माणूस वर्षानुवर्षं तोच, आणि तिकडे संसदेत सीनिऑरिटीवर कमिट्यांची चेअरमनशिप मिळायची, म्हणून सगळ्या किल्ल्या दक्षिणेच्या हातात. सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीवर मिसिसिपीचे ईस्टलँड बसलेले, नागरी हक्कांचं कुठलंही विधेयक तिथे गेलं की गेलंच. १९६४ला सिनेटमधले डेमोक्रॅट नेते मॅन्सफिल्ड यांनी विधेयक त्या कमिटीकडे पाठवलंच नाही, थेट सभागृहात आणलं, तेव्हा कुठे चर्चा तरी सुरू झाली.

खरी मजा पुढे आहे आणि ती तुमच्या दोन्ही पत्रलेखकांनी सोडूनच दिलीये. सिनेटमध्ये डेमोक्रॅट होते ६७. फिलिबस्टर, म्हणजे बोलत राहून मतदान होऊच द्यायचं नाही हा प्रकार, तो मोडायला लागत होती दोन तृतीयांश मतं, म्हणजे शंभरच्या शंभर हजर असतील तर ६७. कागदावर हिशोब जमला की! पण घरचेच तेवीस विरोधात, मग रिपब्लिकनांकडे गेल्याशिवाय इलाजच नव्हता. म्हणून त्यांचे नेते डर्कसन यांच्याशी वाटाघाटी झाल्या, नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी जिथे राज्याचा स्वतःचा कायदा आहे तिथे आधी राज्याने बघाव्यात असे काही बदल त्यांनी करून घेतले. विधेयक सभागृहात सांभाळायलासुद्धा डेमोक्रॅट हम्फ्री आणि रिपब्लिकन कूकल अशी जोडी होती. रोज विरोधक कोरम, म्हणजे किमान हजेरी, मागायचे, कोरमला ५१ जण लागायचे, आणि ते जमवायची जबाबदारी विधेयकाच्या बाजूच्यांची, विरोधकांनी फक्त मागणी करून ऑफिसात जाऊन बसायचं. आणि कोरम भरला नाही की कामकाज तहकूब, दुसऱ्या दिवशी विरोधकांच्या बोलायच्या पाळ्या पुन्हा शून्यापासून मोजायच्या, त्यामुळे हम्फ्री आणि कूकलनी आपापल्या लोकांच्या हजेरीच्या ड्यूट्या लावल्या होत्या, आपल्याकडे मंडळाच्या पोरांच्या रात्री मांडवात लावतात तशा. असे कामकाजाचे साठ दिवस गेले.

शेवटच्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाचे बर्ड चौदा तासांवर एकटेच बोलत होते, सकाळीच थांबले. मग १० जूनला फिलिबस्टर मोडायचं मतदान झालं. कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगल यांना मेंदूचा ट्यूमर होता, बोलता येत नव्हतं, त्यांना व्हीलचेअरवर आणलं, नाव पुकारल्यावर तोंडातून शब्द फुटेना म्हणून त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवलं, कारण होकारासाठी तिकडे ‘आय’ म्हणतात. ते मत धरलं गेलं. निकाल ७१ विरुद्ध २९. बाजूने ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. तेव्हा ‘आमच्या पक्षाने केला’ म्हणणाऱ्यांनी यातला कुठलाही एक आकडा काढून बघावा आणि ६७ होतात का ते सांगावं.

आता दुसरी एक लोणकढी, की त्यानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या भूमिका घेतल्या. असं रात्रीत काही झालं नाही. सिनेटमध्ये पुढे विधेयकावरच्या शेवटच्या मतदानात विरोधात मत दिलेल्या २१ डेमोक्रॅटपैकी पक्ष बदलून रिपब्लिकन झाले ते एकटे साऊथ कॅरोलिनाचे थर्मंड, सप्टेंबर १९६४ मध्ये. ईस्टलँड १९७८ पर्यंत डेमोक्रॅट म्हणूनच राहिले, बर्ड तर पुढे पक्षाचे सिनेटमधले नेतेच झाले. बदलला तो मतदार, आणि तोही हप्त्याहप्त्याने. कायद्याला विरोध करणारे गोल्डवॉटर १९६४ला रिपब्लिकन उमेदवार झाले, देशभर आपटले, पण स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच राज्यं जिंकले. मिसिसिपीत तर ८७ टक्के! अर्थात हे ८७ टक्के कुणाचे तेही बघा, त्या राज्यात मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी यादीत नाव होतं जेमतेम ६.७ टक्के लोकांचं. १९६५चा मतदान हक्क कायदा आला, केंद्राचे नोंदणी अधिकारी गेले आणि १९६७ पर्यंत तोच आकडा ५९.८ झाला. माझं मत विचाराल तर निकाल फिरवणारा कायदा हा होता, ६४चा नाही, आणि ह्याच्यावर तुमच्या सदरात एक ओळ नाही.

तरी १९७६ला जॉर्जियाच्या कार्टरनी दक्षिणेची बहुतेक राज्यं डेमोक्रॅट म्हणून जिंकलीच. प्रतिनिधीगृहातल्या दक्षिणेच्या जागांवर रिपब्लिकनांचं बहुमत झालं ते १९९४ला, आणि अलाबामाची विधानसभा त्यांच्याकडे गेली २०१० साली. म्हणजे अर्धं शतक गेलं की जवळजवळ.

जाता जाता एक. परवाच्या पत्रात कुणीतरी लिहिलंय की ह्या जुन्या अमेरिकन भानगडीशी मराठी माणसाचा संबंध काय. प्रतिनिधीगृहात हे विधेयक ज्यांच्या कमिटीतून बाहेर पडलं ते ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर, आणि १९६५ला वंशाच्या हिशोबाने ठरणारे इमिग्रेशन कोटे रद्द झाले त्या कायद्यावरही नाव त्यांचंच. त्याआधी आख्ख्या भारताला वर्षाला कोटा होता १०० जणांचा, तोसुद्धा १९४६ला मिळालेला, आणि त्या कायद्यातही हेच सेलर होते. सत्तरीत आपले डॉक्टर-इंजिनियर धडाधड न्यू जर्सी आणि शिकागोला गेले ते ह्या ६५च्या कायद्यामुळे. तेव्हा संबंध विचारणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या कुणी तिकडे गेलेल्याला विचारावं, कुठल्या साली गेलात.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक, सांगली