पक्या, रिंगणाच्या आधी एवढं वाच

प्रिय पक्या,

पालखीचे फोटो काढायला किती मेगापिक्सलचा कॅमेरा घेऊ म्हणून विचारलंस ना, तर ते डोक्यातून काढून टाक, भिंतीवर लावायच्या फोटोत १८ काय नि २४ काय, कुणाला कळत नाही. नवा तर घेऊच नकोस. सगळे मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, मागे लागलेत त्यामुळे चांगले आरसेवाले डीएसएलआर स्वस्तात निघतायत. घेताना शटर काउंट विचार, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते, साध्या बॉड्या (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. आणि लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक काही दिसलं की समजायचं फंगस, म्हणजे बुरशी, मग विकणारा सख्खा मेव्हणा का असेना. निकॉनची ३४०० सारखी बॉडी मिळाली तर लेन्सवर एएफ-डी लिहिलेलं नाही ना ते बघ, त्या लेन्सला फोकस फिरवायला बॉडीतली मोटर लागते आणि त्या बॉडीत मोटर नसते, ऑटोफोकस चालणार नाही.

आता मुद्द्याचं. तुला माउलींच्या पालखीचं चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण काढायचंय, फलटणवाला तू, दुसरं काय काढणार! तिथे अश्व दोन रांगांमधून असा सुसाट येतो की ऑटोवर ठेवलास तर नुसता धूसर पट्टा मिळेल. डायल शटर प्रायॉरिटीवर टाक, म्हणजे शटरचा वेग तू ठरवायचा (कॅननवर टीव्ही, निकॉनवर एस), १/१००० सेकंद लाव, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, ऑटोवर सोड, ढगाळ असेल तर फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत, हललेल्या फोटोपेक्षा बरे.

पण खरी गंमत पांढऱ्या कपड्यांची आहे. सगळीकडे धोतरं, सदरे, टोप्या, आणि कॅमेऱ्याला बिचाऱ्याला वाटतं की समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं असतं, मग तो एवढं पांढरं बघून उजेड कमी करतो आणि अख्खी दिंडी मळकट दिसते, चेहरे तर काळेठिक्कर. त्याला उपाय म्हणजे अधिक-उणेवालं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक २/३ पासून सुरू कर, अधिक १ पर्यंत जा, पण काढलेला फोटो स्क्रीनवर बघताना टोप्या लुकलुकायला लागल्या (जास्त उजेडाचा इशारा) की मागे ये, कारण एकदा पूर्ण जळलेलं पांढरं रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइलमधूनसुद्धा परत येत नाही. काळ्या म्हशीला बरोबर उलटं, उणे. घरी म्हशी आहेतच, पालखी यायच्या आधी त्यांच्यावर हात साफ कर, काकू हसतील, हसू देत.

संध्याकाळी तंबूत किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५) मान टाकते. ५५ मिमीला तिचं भोक एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही (आकडा लहान तितकं भोक मोठं), ५० मिमीची १.८ वाली जवळपास दहापट उजेड आत घेते आणि तशी स्वस्तही असते. पुढच्या वर्षी घे, आत्ता नको.

पावसासाठी दुधाची पिशवी आणि रबरबँड पुरतो. आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव रे, नाहीतर ते दाबून टाकतं आणि फोकस बसला की नाही काही कळत नाही. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या