पचमढीला जायचे तर तामियावरून

नागपूर,
दि. १२ सप्टेंबर २०२४

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. रात्रीच्या गाडीने पिपरियाला उतरून सकाळी पचमढी चढण्याचा तुझा बेत वाचला आणि राहवले नाही. पुण्याहून सरळ नागपूरला ये. पुढचे सुमारे अडीचशे किलोमीटर आपण माझ्या गाडीने, दिवसाउजेडी जाऊ.

सावनेर-सौंसरपर्यंत सारे आपल्याच मुलुखासारखे आहे: संत्र्यांचे बगीचे, काळी जमीन आणि हद्द ओलांडली तरी टपरीवर ऐकू येणारी मराठी. मग सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला पेट्रोल भरावे आणि न रेंगाळता तामिया गाठावे. तिथल्या विश्रामगृहामागच्या कड्यावरून सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक विरळ होत गेलेल्या दिसतात. जवळच, भारिया आणि गोंड आदिवासींची गावे पोटात घेऊन बसलेले पाताळकोटाचे खोरे आहे. त्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात नागपंचमीच्या सुमारास गेलो, तेव्हा तामियापुढच्या उतारावर असे धुके उतरले की बॉनेटपुढचे काही दिसेना. पुढे पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला निघालेल्या आपल्याकडच्याच यात्रेकरूंची बस होती. तिचा एकच मागचा लाल दिवा पेटत होता (दुसरा कधीचा गेला असावा), त्याच्यावर नजर ठेवून मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहिलो आणि बसमधून ‘हर बोला महादेव’ ऐकू आले की बरे वाटत होते. देलाखारीला थांबून लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा खाल्ला, तेव्हा कुठे हातांचा ताठा गेला.

मटकुलीनंतर देनवा नदी ओलांडून शेवटचा घाट चढताना खिडकीबाहेर नीट पाहा. वाटेत भेटत आलेला काळा कातळ मागे राहून तांबूस वालुकाश्म दिसू लागतो आणि सागाच्या जोडीला साल उभा राहतो. धूपगड १,३५० मीटर उंच, सातपुड्यात सर्वांत उंच, हे पाठ असलेल्या पुष्कळांना हा बदल दिसलेलाच नसतो, कारण तुझ्यासारखेच ते झोपेत पोहोचतात!

वहिनींना वळणांवर गाडी लागते, तेव्हा आवळासुपारी सोबत असू दे. पहाटे सहाला निघायचे आहे, म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोच. गाडीचे दोन्ही मागचे दिवे मी तपासून घेतले आहेत.

तुझा,
विनायक