तवा पाठवतेय

औसा, जि. लातूर

चि. सुमीत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहिते. धिरडं तव्याला चिकटतं, कोणतं तेल आणू, असं विचारलंस. लेकरा, तेलाचा दोष कमी, तव्याचा अन् आचेचा जास्त. पाण्याचा थेंब टाकून बघ. नुसता फसफसून आटला तर तवा अजून पुरता तापला नाही, टपटप नाचत पळाला तर आच बारीक कर अन् मग पीठ ओत. धिरड्याची कड आपोआप सुटेस्तोवर उलथनं घालू नको.

तुझं ते कोटिंगचं भांडं फव्वाऱ्याच्या तेलानंच चिकट झालंय. त्यात लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तापून त्याचा थर बसतो. आता ते राहू दे. आजीचा बिडाचा तवा पाठवतेय. कोरडा करून करडीच्या तेलाचं बोट फिरव अन् फडक्यानं इतकं पूस की तेल लावलंय असं वाटू नये. मग धूर येईस्तोवर तापव, खिडकी उघडी ठेव. असं चार-पाच वेळा. करडीचं तेल जवसासारखं सुकणारं, त्याचा पापुद्रा लोखंडाला धरून बसतो. तेल जास्त झालं तर मात्र गोंदासारखं होतं, मी एकदा करून बसलेय. रोज धिरड्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव, तेवढं पुरतं.

भाजी-फोडणीलाही घाण्याची करडी चालेल, पण मंद आचेवर. तिच्यात लिनोलिक नावाचं लवकर बिघडणारं स्निग्ध आम्ल शेकडा 70 च्या वर, म्हणून फार तापवली की लवकर बिघडते. भज्यांना शेंगदाण्याचं घे अन् तळून उरलेलं पुन्हापुन्हा कढवू नको. डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिलंय म्हणून जादा पैसे मोजू नको, कोणत्याच बियांच्या तेलात ते नसतं. अन् कुठलंही तेल असो, ग्रॅममागं 9 कॅलरी. पळी नको, चमचा वापर.

पूर्वी आपण ज्वारीच्या कडंनं करडी पेरायचो, काट्यांमुळं ढोरं आत शिरत नसत. आता जिकडंतिकडं सोयाबीन. घाण्यावर करडीचा भाव ऐकून तुझे बाबा दोनदा विचारतात, तरी घेतातच.

तवा अन् दोन लिटर तेल रविवारी मामासोबत येईल. बाटली गॅसजवळ ठेवू नको, खवट होईल. तवा रात्रभर पाण्यात ठेवलास तर मला सांगू नको.

तुझी आई