बोडी अर्धीच खोल केली

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "बोडी सगळी सारखी खोदली ना?" मी विषय बदलला. आपलं हे शेतातलं छोटं तळं सारखं नाही खोदलं, म्हणून हे पत्र.

मागच्या मे महिन्यात पहाटे रोहू-कतला पाण्यावर तोंडं काढून तडफडत होते. कोणी औषध टाकलं म्हणून आपण शेजाऱ्याशी भांडलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तळाचा गाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, तापलेल्या उथळ पाण्यात तो आधीच कमी, आणि रात्री पाण्यातलं चिल गवतही तोच ओढतं. म्हणून पहाटेच मासे गुदमरतात. मी जाऊन माफी मागून आले.

काठावरची बेशरमाची झुडपं मुळासकट काढायला चार दिवस गेले. तोडलेलं कांडं काठावर राहिलं तरी फुटतं, नाव उगाच नाही पडलं. मग पाणी अडवणाऱ्या पाळीकडच्या अर्ध्या भागातून तीन फूट गाळ काढला, तीनशेक ट्रॉल्या. सगळा धानाच्या बांध्यांत टाकला. जेसीबीवाला म्हणे, अजून हातभर घेऊ. मी थांबवलं. पिवळी चिकणमाती लागली होती. ती फोडली की खाली मुरूम, मग पाणी कशाला थांबेल?

वरचा काठ मात्र मुद्दाम उथळ ठेवला. गावतलाव आठवा, पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला गुडघाभर. तलाव बांधणाऱ्या जुन्या कोहळ्यांना जेसीबी नव्हता म्हणून तसं झालं असं मला वाटत नाही. गवताळ उथळ पाण्यात मरळ अंडी घालते. तुम्ही म्हणाल, मरळ रोहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, खाईल. खाईलच, म्हणून या वेळी चार इंचांच्या वरची बोटुकली घेणार, ती थोडी महाग पडेल. मासे धरणाऱ्या ढिवरकाकांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "मरळ राहू दे, बाबाले आवडते."

तळाला 50 किलो चुना मारला. परवाच्या पावसात पाळीजवळ कमरेएवढं पाणी साचलं. आई, तू लावलेला शिंगाडा गाळाबरोबर गेला. सांगायचं टाळत होते. नवा वेल आणून लावते.

ट्रॅक्टरवाल्याचे पैसे राहिलेत. बाबा, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?

तुमची,
थोरली