भुयारातली धग जाते कुठे?

महोदय,

मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ च्या गारव्याचे कौतुक करणारी पत्रे या सदरात वाचतो. मीही त्याच गाडीने जातो आणि गारवा मलाही हवाच आहे. पण डब्यातून काढलेली उष्णता कुठे गडप होत नाही. ती आधी बोगद्यात आणि तिथून हवा खेळवणाऱ्या उभ्या विवरांमधून, म्हणजे शाफ्टमधून, वर, आपल्याच रस्त्यावर येते. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

मध्यंतरी मुलीकडे लंडनला होतो. जुलैची संध्याकाळ, वर छान वारा सुटलेला. खाली तिथल्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइन या मार्गावरच्या डब्यात शिरलो तर दोन स्थानकांत शर्ट पाठीला चिकटला. मे महिन्यातली विरार लोकल आठवली! गंमत म्हणजे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच भुयारी रेल्वे ‘उन्हाळ्यात थंडाव्याला खाली या’ अशा धाटणीच्या जाहिराती करत असे. बोगद्याभोवतीची चिकणमाती तेव्हा साधारण १४ अंशांवर होती. शंभर वर्षे गाड्यांनी ब्रेक मारले, मोटारी तापल्या आणि बहुतेक सगळी धग त्या मातीने पोटात घेतली. आता काही ठिकाणी ती २६ अंशांपर्यंत पोचली आहे.

मुंबईच्या जमिनीत मुळात १४ अंश आहेतच कुठे? आपली सुरुवातच गरम.

लंडनची ती सेंट्रल लाइन १९०० साली सुरू झाली. तिची बरीच स्थानके मुद्दाम उंचवट्यावर बांधली आहेत. येताना चढावर वेग आपसूक पडतो, सुटताना उतार ढकलतो; वीज वाचते, ब्रेकही कमी तापतात. तिथल्याच इझलिंग्टन भागात १९२२ साली बंद पडलेल्या एका स्थानकाच्या शाफ्टमधली गरम हवा २०२० पासून हजाराहून अधिक घरे ऊबदार ठेवायला वापरतात. आपल्याला घरे तापवायची नाहीत, हे खरे. पण मेट्रोच्या वाटेवर रुग्णालये आहेत, हॉटेले आहेत, त्यांना बारा महिने गरम पाणी लागते. एखाद्या शाफ्टवर प्रयोग करून बघायला काय हरकत आहे?

तोवर निदान दर महिन्याला तीन आकडे जाहीर व्हावेत : गाड्या चालवायला किती युनिट लागले, स्थानकांचे एसी आणि पंखे यांना किती, आणि ब्रेक मारताना गाडीच्या मोटारींनी वीज बनवून परत किती युनिट दिले. घरच्या मीटरचा हिशेब आम्हाला दर महिन्याला येतो, तसाच हाही यावा.

– एक नियमित प्रवासी, गिरगाव