बाबा, तो चट्टा आता अंगावर काढू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी चष्मा काढला आणि गालावरचा चट्टा मला पहिल्यांदा नीट दिसला. मधली कातडी पांढुरकी, व्रण पडल्यासारखी आणि कडेने लालसर तपकिरी बारीक गाठी. "दुखत नाही, खाजत नाही, मग डॉक्टर कशाला?" बाबा, तुमचं हेच बोलणं माझ्या मनातून जात नाही. तुम्ही याला गजकर्ण समजता, पण गजकर्णाला सहसा खाज असते. आणि दोन वर्षं मलम चोळूनही हा पसरतोच आहे.

काल त्वचारोगतज्ज्ञांना फोटो दाखवले. फोटोवरून निदान होत नाही, हे त्यांनी आधीच बजावलं; पण त्वचेचा क्षय तर नाही ना, हे तपासायलाच हवं म्हणाल्या. टीबी म्हणजे खोकला आणि छाती, एवढंच मलाही ठाऊक होतं. ते जंतू कातडीतही घर करतात. कुणाच्या मानेतल्या गाठी फुटून वाहतात, कुणाच्या हातापायावर चामखिळीसारखा खडबडीत चट्टा उठतो, तर कुणाचा असा, वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतो.

तपासताना चट्ट्यावर काच दाबून बघतील. दाबलं की लाली ओसरते आणि क्षयाच्या गाठी असल्या तर पिवळट-तपकिरी ठिपके मागे उरतात. पण तेवढ्याने भागत नाही. जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा काढावा लागतो. बाबा, याला नाही म्हणू नका. तुकड्याचा एक भाग कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी, फॉर्मलिनमध्ये (तुकडे टिकवायच्या द्रवात) न घालता ठेवायचा असतो, तेवढं मी विचारून घेईन. कल्चरला 6 ते 8 आठवडे लागू शकतात. कातडीत जंतू मोजकेच असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर दिसले नाहीत तरी क्षय नाही असं होत नाही. हातावर सुई देऊन करतात ती क्षयाची मँटू चाचणी 48 ते 72 तासांनी बघतात, पण तिच्या एकटीच्या भरवशावर काही ठरत नाही.

क्षय निघालाच तर कमीत कमी 6 महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. बरा होतो हो. दुर्लक्ष केलं तर चेहरा विद्रूप होतो, क्वचित त्याच जागी कॅन्सरही होतो.

ती मलमाची ट्यूब आजपासून बंद, पण फेकू नका. डॉक्टरांना दाखवायची आहे.

आई, तू बाबांचं ताट वेगळं करू नकोस. ताटावाटीतून टीबी पसरत नाही. छातीत काही आहे का, ते एक्स-रे सांगेल. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे, मी रविवारी रात्रीच पोचते.

तुमची,
ताई